चढणारी नको, उतरणारी दाखवा

संपादक ताईंनी या वेळी आधीच बजावलं होतं, "अमेरिकेला जाऊन आलीस ते ठीक, पण प्रवासवर्णन नको. एखादी गोष्ट समजावून सांग." म्हणून या लेखात नायगारा नाही (मी तो पाहिलेलाही नाही). लिहितेय एका गाडीबद्दल. ती विकत घ्यायची की नाही, यावरून माझ्या काका-काकूंमध्ये महिनाभर वाद चालला होता आणि मी पाहुणी असल्यामुळे मला दोन्ही बाजू ऐकाव्या लागल्या.

काका मूळचे आपल्या इंदूरचेच. तीस वर्षांपासून अमेरिकेत, युटा राज्यात सॉल्ट लेक सिटीजवळ राहतात. वय एकसष्ट. त्यांना नाद एकच, क्वाडचा. क्वाड म्हणजे चार जाडजूड टायरांची, मोटारसायकलसारखं हँडल असलेली, घोड्यावर बसतात तशी दोन्हीकडे पाय टाकून चालवायची गाडी. आपल्याकडे समुद्रकिनाऱ्यावर पर्यटकांना एक चक्कर मारायला देतात, ती हिची धाकटी बहीण समजा. तिकडे लोक ती डोंगरातल्या कच्च्या वाटांवरून दिवसदिवसभर चालवतात. दोन वर्षांपूर्वी एका उतारावर काकांची क्वाड आडवी झाली, गळ्याजवळचं हाड मोडलं. जुनी क्वाड विकली गेली. आता नवी हवी, तीही 'स्पोर्ट' प्रकारची, चारही चाकांना जोर असलेली आणि ऑटोमॅटिक. काकूंचं म्हणणं, या वयात 'स्पोर्ट' हा शब्दच नको.

आधी मलाही काकूंचंच पटत होतं. मग काकांच्या चमूबरोबर दोन दिवस डोंगरात गेले आणि माझं मत थोडं बदललं. का बदललं, ते सांगते.

युटाच्या मध्यभागी पायूट ट्रेल नावाची वाट आहे. सुमारे २७५ मैल, म्हणजे साधारण ४४० किलोमीटरचा वेढा. त्याला सुरुवात नाही की शेवट नाही, कुठूनही शिरा आणि फिरून तिथेच या. आम्ही मेरीसव्हेल या लहानशा गावातून शिरलो. त्याच्या डोक्यावर जी पर्वतरांग आहे तिचं नाव नकाशावर चक्क 'तुषार' असं वाचता येतं. आमच्या वर्गात दोन तुषार आहेत, त्यांना फोटो पाठवला. आपल्या तुषारशी या नावाचं काही नातं नाही, उच्चारही तिथले लोक वेगळाच करतात. पण रांग खरीच उंच. तिचं सर्वांत उंच शिखर, डेलानो, १२,१६९ फुटांवर आहे. वाटही काही ठिकाणी दहा हजार फुटांच्या वर चढते. जूनचा शेवट होता, तरी सावलीच्या अंगाला बर्फ साचलेलं.

आता गाड्यांच्या जाती सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

सुरुवातीला तीन चाकांच्या गाड्या होत्या. होंडाने १९७० मध्ये ती आणली. वळताना उलटायची म्हणून तिची बदनामी झाली आणि १९८८ मध्ये अमेरिकेत सरकारशी झालेल्या समझोत्यानंतर तिची विक्री बंद पडली. तोवर चार चाकांची गाडी आलीच होती. तिच्या दोन शाखा झाल्या. एक शेतकऱ्याची. पुढे-मागे सामान ठेवायच्या जाळ्या, चारही चाकांना जोर, वजनदार, मठ्ठ पण कष्टाळू. होंडाने १९८६ च्या सुमारास चारही चाकं ओढणारी क्वाड बाजारात आणली ती याच कामासाठी. दुसरी शाखा शर्यतवाल्यांची, म्हणजे स्पोर्ट. हलकी, पावणेदोनशे-दोनशे किलोची, हाताने क्लच दाबून पायाने गिअर टाकायचे, जोर फक्त मागच्या दोन चाकांना, आणि ती दोन्ही चाकं एकाच सलग दांड्यावर बसवलेली.

हा सलग दांडा मोकळ्या वाळूत मजेशीर. दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात, म्हणून वळताना मागचा भाग घसरवत न्यायचा, त्यातच गंमत. पण दगडांच्या वाटेवर एक चाक दगडावर चढलं की अख्खा दांडा तिरका होतो आणि त्याबरोबर चालवणाराही. शिवाय उभ्या चढावर एखाद्या पायरीसारख्या दगडापाशी इंजिन बंद पडलं तर? डाव्या हातात क्लच, उजव्या अंगठ्यावर थ्रॉटल, ब्रेकही सांभाळायचा आणि गाडी मागे सरकायला लागलेली. चमूतल्या एक नर्सबाई म्हणाल्या, "मला आयुष्यात एकदाच खरी भीती वाटली, ती अशा वेळी. गाडी पुढे पडली तर माणूस वाचतो, मागे उलटली तर ती तुमच्या अंगावर येते."

ऑटोमॅटिक हवी, याचं पहिलं कारण हे. आळस नव्हे. चढावर इंजिन बंद पडत नाही आणि डावा हात मोकळा राहतो. जुने शर्यतवाले मात्र ऑटोमॅटिकला 'स्कूटर' म्हणून हिणवतात. आपल्या कॉलेजात मोपेडवाल्यांना जे ऐकावं लागतं, तेच.

आणि गंमत म्हणजे ती खरंच स्कूटर आहे! म्हणजे आत यंत्रणा तीच. इंदूरकरांना तर ही ओळखीची असायला हवी. काइनेटिक होंडा १९८४ मध्ये आली ती इथून हाकेच्या अंतरावर, पीथमपूरला तयार व्हायची. भारतात गिअरशिवायची स्कूटर घरोघरी पोचली ती तिच्यामुळे. आजची आपली प्रत्येक पेट्रोलची गिअरलेस स्कूटर त्याच तत्त्वावर चालते. दोन पुल्या आणि मध्ये एक रबरी बेल्ट. प्रत्येक पुली दोन तबकड्यांची. इंजिनाकडच्या पुलीत वजनं असतात. इंजिन वेगाने फिरलं की ती वजनं बाहेर फेकली जातात, गोफणीतला दगड बाहेर ओढतो तशी, आणि तबकड्यांना एकमेकींकडे दाबतात. मधला बेल्ट मग पुलीच्या कडेकडे चढतो. मागच्या पुलीत उलटं घडतं, तिथे बेल्ट आत बुडतो. सायकलचा गिअर बदलल्यासारखंच, फक्त खटके नाहीत. बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइलमध्ये हीच व्यवस्था आधीपासून होती. त्या बनवणाऱ्या पोलारिस कंपनीने १९८५ मध्ये पहिली क्वाड काढली, तेव्हा बेल्टही सोबत आणला.

इथवर सगळं छान. अडचण आहे ती उतरताना.

भेरूघाटातून ओंकारेश्वरला स्कूटरवर गेला असाल तर आठवून पाहा. घाटात वडीलधारे सांगतात, "गाडी न्यूट्रल करू नको, गिअरमध्येच उतरव." गिअरची गाडी उतारावर इंजिनच्या धाकात राहते, इंजिन तिला मागे ओढून धरतं. गिअरलेस स्कूटर वेगात असेपर्यंत थोडा धाक पाळते. पण तुम्ही अगदी सावकाश उतरायला गेलात, की एका क्षणी आतला क्लच सुटतो आणि गाडी मोकळी होते, उतारावर सोडलेल्या हातगाडीसारखी. मग सगळी मदार ब्रेकवर.

क्वाडच्या साध्या बेल्टमध्येही हेच होतं. अंगठा सोडला, इंजिन मंदावलं, वजनं आत आली, तबकड्या उघडल्या, बेल्ट सैल पडला आणि इंजिनाची चाकांशी असलेली गाठ सुटली. काकांच्या बाबतीत नेमकं हेच झालं. त्यांची ती दहा वर्षं जुनी गाडी कोणत्या कंपनीची होती ते लिहीत नाही, कारण तशा तेव्हा अनेक होत्या. सुट्या खड्यांचा उतार, चालण्याच्या वेगाने उतरत होते, अंगठा सोडला. गाडी थांबायच्या ऐवजी पळायला लागली. काकांनी घाबरून ब्रेक कचकन दाबला, चाकं अडकली, खडे निसटले, मागचा भाग फिरून पुढे आला आणि गाडी आडवी. वेग किती होता म्हणाल, तर सायकलपेक्षा कमी.

त्यामुळे डोंगरातल्या लोकांना विचारलं, "गाडीत काय हवं?" तर पहिलं उत्तर वेगाचं येत नाही. मी सहा जणांना विचारलं. पाच जणांनी आधी उताराचं सांगितलं. सहावा एकवीस वर्षांचा होता.

यावर उपाय निघालेले आहेत. एक असा, की इंजिनाकडच्या पुलीच्या मध्यावर एकाच दिशेने फिरणारं बेअरिंग बसवायचं. सायकलच्या मागच्या चाकातलं फ्रीव्हील तुम्हाला माहीत आहे. पायडल पुढे मारलं तर पकडतं, थांबलं तर मोकळं. इथे तेच उलटं लावलेलं. बेल्ट सैल पडून खाली बसला, की तो या बेअरिंगवर बसतो. इंजिन नुसतं चालू असेल तर बेअरिंग मोकळं फिरतं, पण चाकं इंजिनाला ढकलू लागली की ते घट्ट धरतं. पोलारिसने हा मार्ग घेतला. यामाहाने वेगळा घेतला. बेल्ट कधीच सैल पडू द्यायचा नाही आणि गाडी सुरू-बंद करायचं काम एका स्वतंत्र क्लचकडे द्यायचं. या दुसऱ्या पद्धतीत अंगठा सोडल्यावर गाडी धक्का न देता, हळूच पकडीत येते. निदान मला तरी तसं जाणवलं. माझा अनुभव दोन दिवसांचा आहे हे लक्षात ठेवून वाचा.

पण इंजिनाने धरलं म्हणजे संपलं नाही. कोणत्या चाकांना धरलं? इथे चारही चाकांचा जोर हा विषय येतो आणि दुकानातल्या पाटीवर तो कधीच नीट लिहिलेला नसतो.

पुढच्या दोन चाकांना कायम जोर दिला आणि ती एकमेकांना जखडून ठेवली, तर वळताना भांडण होतं. वळणात बाहेरचं चाक जास्त अंतर जातं, आतलं कमी. जखडलेली असतील तर दोघांनाही सारखंच फिरायचं असतं आणि त्या भांडणाचा मार हँडल धरणाऱ्या मनगटांना बसतो. म्हणून काही गाड्यांत हुशारी केलेली असते. पुढच्या चाकांना जोर पोचवणारा गिअर मुद्दाम किंचित हळू फिरवतात. जमिनीवर सगळं ठीक चाललेलं असतं तोवर पुढची चाकं त्या गिअरच्या पुढे पळत असतात, म्हणून मोकळी. मागची चाकं घसरून भरभर फिरायला लागली, की तो गिअर पुढच्या चाकांना गाठतो, मधले छोटे रोलर पाचरीसारखे अडकतात आणि पुढची चाकं ओढायला लागतात. बटण नाही, विचार करायचा नाही. चढावर हे जादूसारखं वाटतं.

आता हीच गाडी उतारावर उभी करा. इंजिनाने मागची चाकं धरली. पुढची? ती गिअरच्या पुढे पळतायत, म्हणजे मोकळीच. उतारावर गाडीचं वजन पुढे आलेलं असतं, मागची चाकं हलकी झालेली असतात. म्हणजे जी चाकं जमिनीला नीट टेकलेलीसुद्धा नाहीत त्यांनाच धरून ठेवलंय आणि ज्यांच्यावर भार आहे ती मोकळी. खडबडीत उतारावर मागचा भाग घसरून पुढे यायला बघतो तो यामुळे. त्यावरही उतारापुरती पुढची चाकं जोडणारं बटण काही गाड्यांत आलं. काकांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर हेच होतं, जाड अक्षरात: उतारावर चारही चाकांना इंजिनाची पकड.

तुम्ही म्हणाल, मग शेतकऱ्याचीच गाडी घ्या की! त्यात हे सगळं मिळतं. स्पोर्ट कशाला? हाच प्रश्न काकूंचा. मीही दुसऱ्या दिवशी सकाळी तो विचारला. चमूतल्या एका निवृत्त शिक्षकांनी उत्तर दिलं नाही, नुसती आपली गाडी अर्ध्या तासासाठी मला दिली आणि माझी जाळ्यावाली घेतली.

क्वाड बसून चालवायची नसते, अंगाने चालवायची असते. चढावर पुढे वाकायचं, उतारावर मागे सरकायचं, वळणात आतल्या बाजूला झुकायचं. तुमचं साठ-सत्तर किलो वजन हेच तुमचं सुकाणू. रुंद बैठकीच्या, पुढे-मागे लोखंडी जाळ्या असलेल्या गाडीवर ते जमत नाही, गुडघ्यांत धरायला काही नसतं, मागे सरकलं तर जाळी पाठीला लागते. शिक्षकांच्या गाडीची कंबर बारीक होती. उभं राहिलं की दोन्ही गुडघ्यांनी तिला पकडता येत होतं. आणि सस्पेन्शन! आधीच्या गाडीवर प्रत्येक दगड मला वैयक्तिक ओळखीचा झाला होता. या गाडीचं प्रत्येक चाक आपापलं वर-खाली होत होतं, वीतभर किंवा त्याहून जास्त, आणि माझं डोकं जागेवर. संध्याकाळी पाठ दुखली नाही. एकसष्टाव्या वर्षी 'स्पोर्ट' शब्दाचा अर्थ मुख्यतः हा असतो, असं मला वाटतं. काकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा गप्प बसल्या.

या जातीच्या गाड्या, म्हणजे अंग स्पोर्टचं, पण चार चाकांचा जोर आणि बेल्ट, फार नाहीत. पोलारिसची स्क्रॅम्बलर १९९० च्या दशकातली. मग २००७ च्या वर्षासाठी कॅन-ॲमने रेनेगेड आणली, आठशे सीसीचं दोन सिलिंडरांचं इंजिन घेऊन. पुढे मोठ्या इंजिनांची चढाओढ लागली आणि हजार सीसी, नव्वदच्या आसपास अश्वशक्तीपर्यंत गोष्ट गेली. आपल्या रस्त्यावरच्या स्विफ्टमध्ये साधारण तेवढीच ताकद असते, आणि ती गाडी नऊशे किलोंची आहे. ही साडेतीनशेच्या आसपास. जाहिरातीत क्वाड नेहमी हवेत असते, जमिनीवर कधी टेकलेलीच नसते, त्याचं कारण कळलं.

तरी ताकदीची मागणी अगदीच पोरकट नाही. साध्या इंजिनाची शक्ती दर हजार फुटांमागे सुमारे तीन टक्क्यांनी घटते, कारण हवाच विरळ. दहा हजार फुटांवर तिसरा हिस्सा जवळजवळ गेलेला असतो. खाली गावात मिजास करणारी लहान गाडी तिथे वर धापा टाकते. मात्र आमच्या चमूला ताकदीपेक्षा अंगठा महत्त्वाचा वाटत होता. क्वाडला मोटारसायकलसारखी मूठ पिळायची नसते, अंगठ्याने एक लहान पट्टी दाबायची असते, कारण खड्ड्यात अंग मागे फेकलं गेलं तर मूठ आपोआप पिळली जाईल. अंगठा जरासा दाबला तर गाडीही जराशीच हलली पाहिजे. काही ताकदवान गाड्या पहिल्या दाबालाच उसळतात. दगडांमध्ये ते कामाचं नाही.

रुंदीवरूनही रस्सीखेच आहे. गाडी रुंद असली की कमी कलंडते. पण तिकडच्या जंगलातल्या बऱ्याच वाटा पन्नास इंच किंवा त्याहून कमी रुंदीच्या गाड्यांसाठीच आहेत. काही ठिकाणी दोन खांब रोवलेले, मधून गेलात तर जा. पंचावन्न इंची गाड्याही निघाल्या, त्या अशा वाटांवर चालत नाहीत. काकांनी मोजपट्टी घेऊनच दुकानं पालथी घातली.

बाकी बेल्ट जपावा लागतो. अवघड चढावर 'लो' गिअर न टाकता रेटलं तर तो तापून जळतो, पाणी शिरलं तर घसरतो. प्रत्येकाच्या पिशवीत एक जादा बेल्ट होता. तो पंधरा मिनिटांत बदलता यावा, झाकणाचे स्क्रू हाताला लागावेत, एवढी साधी अपेक्षा. ती पुरी करणाऱ्या गाड्या कमी, असं सगळ्यांचं एकमत. पॉवर स्टिअरिंगबद्दलही कुणाचं दुमत नव्हतं. मोडलेल्या खांद्याला तर ते हवंच.

माझ्या परतीच्या आदल्या शनिवारी आम्ही तिघं एका दुकानात गेलो. विक्रेता तरुण, उत्साही. त्याने इंजिन गुरगुरवून दाखवलं, शून्यापासून किती सेकंदांत काय ते सांगितलं. दुकानामागे मातीचा एक बऱ्यापैकी उभा ढिगारा होता. तो म्हणाला, "बघा आता कशी चढते." काकू तोवर गप्प होत्या. त्यांनी त्याला थांबवून इंग्रजीत जे सांगितलं त्याचं मराठी असं: "चढणारी नको, उतरणारी दाखवा."

तो जरा गोंधळला. काका मधल्या इंजिनाची, अठ्ठेचाळीस इंचांची गाडी घेऊन वर गेले, 'लो' टाकला, उताराचं बटण दाबलं, आणि काठावर येऊन अंगठा सोडला. ब्रेकवरची बोटंही उचलून आम्हाला दाखवली. गाडी कुरकुरत खाली निघाली. काकू चपला सावरत तिच्या शेजारून चालत उतरल्या, आणि ढिगाऱ्याच्या पायथ्याशी येईपर्यंत गाडी एकदाही त्यांच्या पुढे गेली नाही.